अकरा अटकांच्या तारखा एका कागदावर मांडा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजूत चुकत असेल तर तुम्हाला लगेच कळेल. भाऊ ३१ वर्षांचा. बाविसाव्या वर्षी आवाज ऐकू येऊ लागले, शेजारी आपल्याविरुद्ध कट करताहेत असं वाटू लागलं, स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. दीडेक वर्ष गोळ्यांवर बरा होता. मग गांजा, मग दारू, मग गोळ्या सुटल्या. गेल्या चार वर्षांत अकरा वेळा अटक: कधी परक्या इमारतीच्या जिन्यात झोपला म्हणून, कधी रस्त्यात आरडाओरडा केला म्हणून, कधी दुकानातून बाटली उचलली म्हणून, आणि दोनदा तर नुसतं तारखेला गेला नाही म्हणून वॉरंट. व्यसनमुक्ती केंद्र म्हणतं, आधी डोक्याचं बघा. डॉक्टर म्हणतात, आधी नशा सुटू दे. तुम्ही विचारता, आधी काय हाताळायचं? आणि बाराव्या वेळी जामीन द्यायचा की आतच राहू द्यायचं, निदान नशा तरी सुटेल?

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. माझ्या १७ वर्षांच्या कामातली ११ वर्षं तुरुंगाच्या दवाखान्यात गेली. तुमच्या भावासारखी माणसं मी शेकड्यांनी पाहिली, आणि त्यांतली बरीचशी तीच तीच पुन्हा पुन्हा पाहिली. उत्तर देण्याआधी एक कबूल करते: भावाला न तपासता मी त्याच्या औषधांबद्दल काही सांगणार नाही. कायदाही देशोदेशी वेगळा असतो, त्यामुळे जामिनाच्या कलमांत मी शिरत नाही, ते तुमचे वकील बघतील. तो काय पितो, काय ओढतो, किती आणि कधीपासून, यावरही पुष्कळ अवलंबून आहे. पण या सगळ्यातून काही गोष्टी पक्क्या उरतात.

पहिली गोष्ट, ‘आधी काय’ हा प्रश्न तुमचा नाहीच. तो दोन दवाखान्यांनी आपापल्या सोयीसाठी तयार केला आणि तुमच्या गळ्यात घातला. आजार आणि व्यसन एकाच माणसात असतील तर दोन्हींचे उपचार एकाच वेळी, शक्यतो एकाच चमूने करायचे असतात. हे आमच्या क्षेत्रात आता मान्य आहे, पाळलं मात्र फार कमी ठिकाणी जातं. एकाने दार लावायचं, दुसऱ्याने त्या लावलेल्या दाराकडे बोट दाखवायचं, यात रुग्ण जिन्यातच झोपतो.

क्रमाचा प्रश्न खरोखर येतो तो दोनच ठिकाणी. नशा सुटतानाचे पहिले काही दिवस जिवाला धोका असू शकतो, तेव्हा तो धोका आधी. आणि भास नशेमुळेच होताहेत का अशी शंका असेल, तर नशा थांबल्यावर साधारण महिनाभर वाट पाहून निदान पक्कं करतात, कारण निव्वळ नशेने आलेले भास बहुतेक वेळा तेवढ्या अवधीत ओसरतात. तुमच्या भावाच्या बाबतीत आवाज आधी आले, गांजा नंतर आला. त्यामुळे ‘सगळं नशेमुळेच’ असं कोणी म्हणालं तर जुने केसपेपर त्यांच्या पुढ्यात ठेवा.

आता मुख्य मुद्दा. घरच्यांना वाटतं, आवाज ऐकू येतात म्हणून अटक होते, आवाज थांबले की अटका थांबतील. मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं. २०१४ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मानसिक आजार असलेल्या १४३ जणांनी केलेले ४२९ गुन्हे एकेक करून तपासले, प्रत्येक वेळी आजाराची लक्षणं थेट कारण होती का हे पाहिलं. थेट संबंध सापडला तो साडेसात टक्के गुन्ह्यांत. बाकीच्यांमागे नशा होती, पैसा नव्हता, राहायला जागा नव्हती, संगत होती, राग होता, म्हणजे आजार नसलेल्या माणसांच्या गुन्ह्यांमागे असतात तीच कारणं. आजार या सगळ्यांना खतपाणी घालतो, पण प्रत्येक वेळी हात त्याचाच नसतो. नुसत्या गोळ्या सुरू करून ‘आता पकडला जाणार नाही’ असं सांगणाऱ्या डॉक्टरवर (माझ्यावरसुद्धा) विश्वास ठेवू नका.

म्हणून मी घरच्यांना एक काम देते. एक मोठा कागद घ्या आणि अकराही अटकांच्या तारखा एकाखाली एक लिहा. प्रत्येकीसमोर, आठवेल तेवढं: त्याआधीच्या आठवड्यात तो कुठे झोपत होता? औषध चालू होतं का, शेवटचं कधी घेतलं? काय घेतलं होतं, दारू की गांजा की दोन्ही? हातात पैसे आले होते का, की संपले होते? कोणाशी भांडण? आणि आधीच्या सुटकेला किती दिवस झाले होते? पोलीस त्या यादीला गुन्ह्यांची नोंद म्हणतात. मी ती तापाच्या तक्त्यासारखी वाचते. ताप कधी चढतो ते कळलं की कशाने चढतो त्याचा माग लागतो.

असा एक तक्ता मला आजही तोंडपाठ आहे. रुग्णाच्या आईने शाळेच्या वहीच्या पानावर काढून आणला होता. नऊ अटका, त्यांतल्या सात आधीच्या सुटकेनंतर तीन आठवड्यांच्या आत. आम्ही तोवर समजत होतो की माणूस बाहेर गेला की जाणूनबुजून गोळ्या टाकतो. आई म्हणाली, नाही, मी स्वतः समोर बसून देते. मग सुटकेनंतर बिघडतो कसा? उत्तर निघालं सिगारेटमध्ये. आमच्या तुरुंगात धूम्रपानाला बंदी होती. त्याला ओलान्झापिन हे भासांवरचं औषध चालू होतं. हे औषध आणि त्याच जातीचं क्लोझापिन, दोन्ही यकृतातल्या ज्या एन्झाइममुळे शरीराबाहेर पडतात, त्याचा वेग सिगारेटच्या धुराने वाढतो. आत धूर बंद, म्हणून रक्तात औषध वाढायचं, तो दिवसभर पेंगायचा, आम्ही डोस कमी करायचो. बाहेर गेला की दिवसाला वीस सिगारेटी, आठवड्याभरात रक्तातलं औषध खाली, आवाज परत. आई इमानेइतबारे गोळ्या देत होती, पण अपुऱ्या. आम्हीच लिहून दिलेल्या. त्यानंतर सुटकेच्या कागदावर ‘बाहेर सिगारेट सुरू झाल्यास डोस पुन्हा तपासावा’ ही ओळ मी लिहू लागले. ती ओळ लिहायला मला सहा वर्षं लागली, हे सांगायला लाज वाटते.

तुमच्या कागदावर सिगारेट निघेल असं नाही. पण काहीतरी निघेल, आणि बहुतेक वेळा ते अटकांच्या मधल्या सांध्यांत सापडतं: सुटका आणि पुढच्या डॉक्टरच्या भेटीत गेलेला वेळ, एका ठिकाणाहून दुसरीकडे न पोचलेली चिठ्ठी, रात्री उशिरा सोडून दिलेला आणि जायला जागा नसलेला माणूस.

अमेरिकेतल्या मायामीतला एक आकडा इथे सांगण्यासारखा आहे. तिथे तुरुंगात पुन्हा पुन्हा येणाऱ्या ९७ मनोरुग्णांचा पाच वर्षांचा हिशोब मांडला गेला. बहुतेक पुरुष, बहुतेकांना स्किझोफ्रेनिया. त्या ९७ जणांना मिळून सुमारे २,२०० वेळा अटक झाली आणि त्यांनी २७,००० दिवस तुरुंगात काढले. भागाकार करून पाहा: एका माणसाला वर्षाला साडेचार अटका, आणि एका अटकेमागे साधारण बारा दिवस. या बारा दिवसांचा विचार मी फार करते. चालू औषध तुटायला, खोली किंवा काम हातचं जायला, नशा पेलण्याची शरीराची सवय उतरायला बारा दिवस पुरेसे असतात. एखादं औषध नीट लागू पडायला मात्र ते कमी पडतात. म्हणजे प्रत्येक अटक माणसाला आधीपेक्षा थोडं खाली सोडून देते. क्लोझापिनवरचा माणूस असेल आणि औषध दोन दिवसांहून जास्त तुटलं, तर पूर्वीचा डोस एकदम देता येत नाही, पुन्हा अगदी थोड्यापासून चढवत न्यावं लागतं. कोठडीतल्या एका लांबलेल्या शनिवार-रविवारात कित्येक महिन्यांचं काम धुऊन जातं.

इथवरचं थोडक्यात: आजार की व्यसन हा क्रम सोडा, दोन्ही एकत्र बघणारा शोधा, आणि तो मिळेपर्यंत तारखांचा कागद तयार ठेवा.

आता जामीन. हा प्रश्न तुम्ही शेवटी, जरा चाचरत विचारलात. ‘आत राहिला तर निदान नशा सुटेल’ असं म्हणणाऱ्या बहिणींना, आयांना मी एके काळी मान डोलावून हो म्हणत असे. एका माणसाने ते थांबवलं. रोज पिणारा, चाळिशीचा, किरकोळ चोरीसाठी आत आलेला. तिसऱ्या दिवशी रात्री बराकीतून निरोप आला की तो भिंतीवरचे किडे झटकतोय, कोणाशी तरी बोलतोय. जुना केसपेपर होता, त्यावर ‘सायकोसिस’ (भास-भ्रमांचा आजार) लिहिलेलं. मी फोनवरच भासांवरचं औषध वाढवायला सांगितलं आणि झोपले. सकाळी गेले तर अंगात ताप, सर्वांग थरथरतंय, वेळ-काळाचं भान नाही. तो त्याचा जुना आजार नव्हता. दारू एकदम तुटल्याने आलेला डिलिरियम (भान हरपून होणारा भ्रम) होता, आणि त्यावर वेळीच उपचार झाले नाहीत तर माणूस दगावतो. तो वाचला, पण त्यात माझी हुशारी नव्हती. रात्रपाळीच्या परिचारकाने न विचारता सलाइन लावून व्हिटॅमिन बी-१ दिलं होतं आणि नाडी मोजत बसला होता.

म्हणून हे लक्षात ठेवा. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक थांबली तर सहा ते अठ्ठेचाळीस तासांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात हा डिलिरियम. ‘आत गेला की आपोआप सुटते’ हे गांजाबद्दल एकवेळ चालेल, दारूबद्दल नाही, आणि झोपेच्या किंवा चिंतेवरच्या गोळ्यांची सवय असेल तर अजिबात नाही. त्याला आत राहू द्यायचं ठरवलंत, तर त्याच दिवशी ठाण्यात आणि तुरुंगाच्या डॉक्टरला लेखी कळवा की हा रोज इतकी दारू पितो, शेवटची अमुक वेळी प्यायला, पूर्वी फिट आली होती किंवा नव्हती. तोंडी सांगितलेलं पाळी बदलली की हरवतं.

आणि नशा ‘सुटली’ म्हणजे काय, तेही बघू. शरीराची सहनशक्ती उतरते, ओढ तशीच राहते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या तुरुंगांतून सुटलेल्या ३०,००० हून अधिक लोकांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका इतर रहिवाशांच्या जवळजवळ तेरापट निघाला, आणि अमली पदार्थांच्या अतिमात्रेने मरण्याचा १२९ पट. पूर्वीचीच मात्रा, पण ती पेलणारं शरीर राहिलेलं नाही. भाऊ हेरॉइन किंवा त्या जातीच्या गोळ्या घेतो असं तुम्ही लिहिलेलं नाही. पण घेत असेल, तर सुटकेच्या दिवशी घरात नालोक्सोन (अतिमात्रेवरचा उतारा) हवं आणि ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन (ओढ आवरणारी औषधं) तुरुंगातच सुरू झालेलं हवं. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्याने २०१६ पासून आपल्या तुरुंगांत ही औषधं द्यायला सुरुवात केली. २०१६ च्या पहिल्या सहा महिन्यांत नुकत्याच सुटलेल्यांपैकी २६ जण अतिमात्रेने गेले होते, पुढच्या वर्षी त्याच सहा महिन्यांत ९. ‘एका नशेच्या जागी दुसरी नशा’ असं अजूनही म्हणणारे भेटतात. त्यांच्याशी वाद घालायचा मला आता कंटाळा येतो.

मग जामीन द्यायचा का? माझं मत: बाहेर त्याच्यासाठी झोपायला ठरलेली जागा आणि त्याच आठवड्यात डॉक्टरची वेळ असेल, तर द्या, लवकर द्या. दोन्हींपैकी काहीच नसेल, तर दोन-तीन दिवस मागून घ्या आणि ते दिवस याच दोन गोष्टी उभ्या करण्यात घालवा. ‘धडा शिकावा’ म्हणून आत ठेवू नका. अकरा वेळा जो धडा मिळाला तो बाराव्या वेळी नवा होत नाही. आणि घरात कोणाच्या जिवाला त्याच्यापासून धोका असेल, तर हे सगळं बाजूला. मग आधी तुमची सुरक्षितता.

वकिलांशी बोलताना एक विचारा: इथे शिक्षेऐवजी उपचारांकडे वळवण्याची सोय आहे का? काही देशांत त्यासाठी वेगळी न्यायालयं आहेत. अमेरिकेत अमली पदार्थांसाठीचं पहिलं १९८९ मध्ये मायामीत सुरू झालं. सोय असेल तर वापरा, पण अटी मोजून घ्या. मी असे आदेश पाहिलेत ज्यांत आठवड्याला तीन लघवी-तपासण्या, दोन गटसभा, एक समुपदेशन आणि एक हजेरी, तीही वेगवेगळ्या ठिकाणी. शहाणासुरता माणूसही त्यात चुकेल. ज्याला सकाळी अंथरुणातून उठायलाच आवाजांशी झगडावं लागतं तो तर नक्कीच चुकणार, आणि चूक म्हणजे पुन्हा वॉरंट. न्यायालयाला अहवाल देताना मी एकच मागणं मांडत असे: अटी कमी, आणि एकदा प्यायला तर तो उपचारातला अडथळा समजावा, आदेशाचा भंग नव्हे. सगळ्या न्यायाधीशांनी ऐकलं असं नाही, पण बऱ्याच जणांनी ऐकलं.

भावाच्या दोन अटका फक्त तारीख चुकल्याच्या आहेत, हे वाचून मला उलट जरा बरं वाटलं. या दोन टाळता येण्यासारख्या होत्या. आदल्या दिवशी फोन, त्या सकाळी सोबत कोणीतरी, एवढ्याने अकराच्या नऊ होतात.

उपचारांबद्दल डॉक्टरांना दोन गोष्टी विचाराव्यात. एक, लांब मुदतीचं इंजेक्शन चालेल का? दर दोन किंवा चार आठवड्यांनी, किंवा त्याहून जास्त अंतराने द्यायची इंजेक्शनं आहेत. मध्ये अटक झाली तरी औषध अंगात राहतं, म्हणून अशा रुग्णांत मला ती आवडतात. भावाची तयारी मात्र हवी. दुष्परिणाम त्याला आधी सांगा, लपवलेत तर तो पुन्हा येणार नाही. दुसरी, राहण्याची जागा. ‘आधी नशा सोड, मग खोली’ ही बहुतेक संस्थांची रीत. न्यूयॉर्कमध्ये १९९० च्या दशकात ती उलटी करून पाहिली: आधी घर, उपचार सोबतीने, नशामुक्तीची पूर्वअट नाही. माणसं घरात टिकली. नशा त्याने फारशी कमी होते असं मात्र दिसलेलं नाही. पण ज्याच्या हातात किल्ली आहे त्याला जिन्यात झोपल्याबद्दल कोणी पकडत नाही, आणि त्याला इंजेक्शन द्यायला नर्सला पत्ता असतो.

एक घडी केलेलं पान सतत जवळ ठेवा, पर्समध्ये आणि फोनमध्ये. निदान, औषधं डोससकट, डॉक्टरचा नंबर, रोजच्या दारूचं प्रमाण, फिटचा इतिहास. आणि खाली दोन ओळी पोलिसांसाठी: कशाने भडकतो, कशाने शांत होतो. एका बहिणीने लिहिलं होतं, ‘मागून हात लावू नका. पूर्ण नावाने हाक मारू नका, आवाज त्याच नावाने बोलतात.’ दोन वाक्यांनी त्या रात्रीची झटापट टळली. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात १९८८ पासून पोलिसांना अशा प्रसंगांसाठी चाळीस तासांचं प्रशिक्षण देतात, ती पद्धत पुढे बऱ्याच ठिकाणी गेली. तुमच्याकडे ते नसेल, तर हे पानच प्रशिक्षण. पोलिसांना फोन करावा लागला तर पहिल्याच वाक्यात सांगा: आजारी आहे, हत्यार नाही (नसेल तरच), मी दाराशी उभी आहे.

किती आशा धरायची, हेही सांगते, कारण ते कोणी सांगत नाही. अकरावरून एकदम शून्यावर येणारे मी फार थोडे पाहिले. जे सावरले त्यांच्या दोन अटकांमधलं अंतर आधी वाढलं. सहा आठवड्यांचे पाच महिने झाले, मग वर्ष. मधल्या काळात ते प्यायले, इंजेक्शनं चुकवली, परत आले. म्हणून तुमच्या कागदावर शेवटचा रकाना अंतराचा असू द्या.

तुम्ही लिहिलंय, आई आता त्याच्यासाठी दार उघडत नाही आणि त्याबद्दल तुम्हाला अपराधी वाटतं. दार बंद राहू दे. सत्तरीच्या बाईने रात्री दोनला नशेतल्या मुलासाठी दार उघडावं, असं मी कोणालाच सांगणार नाही. पण त्याला भेटण्याची एक ठरलेली जागा आणि वेळ असू द्या. दर आठवड्याला, दिवसाउजेडी, घराबाहेर, तो आला नाही तरी तुम्ही अर्धा तास थांबायचं. तिथे न्यायला त्या पानाची एक प्रत घ्या आणि ती त्याच्यासोबत बसून भरा. कशाने शांत होतो ते त्याला विचारा. ते तुमच्यापेक्षा त्याला जास्त माहीत आहे.